मगदूम आणि अन्य

नृसिंह मास्तर हेर्लेकरांनी जन्मात एकच शोधनिबंध लिहिला, आणि तेवढ्यात त्यांचं अर्ध्या गल्लीशी, एका अख्ख्या गावाशी आणि पुण्याच्या एका संशोधन मंडळाशी वाकडं आलं. घरात पत्नी विमलाबाईंशीही आलं, पण ते निबंधाच्या आधीपासून अधूनमधून येतच होतं, तेव्हा त्याचा ठपका निबंधावर ठेवणं बरोबर नाही.

निबंध गुळावर होता. कोल्हापुरात राहून गुळावर निबंध लिहायचा यात काय मोठंसं, असं समोरच्या बाळाबाईंना वाटलं आणि त्यांनी ते गॅलरीतून सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलूनही दाखवलं. पण मास्तरांचा मुद्दा वेगळा होता. गुऱ्हाळावर काहिलीत उसाचा रस उकळत असतो, त्याचा गूळ नेमका कधी झाला हे एकटा गुळव्या ठरवतो. जरा आधी उतरवला तर गूळ मऊ पडतो, ढेप धरत नाही. जरा उशीर झाला तर करपतो. गुळव्याजवळ ना घड्याळ, ना थर्मामीटर. तो उकळत्या रसाचा थेंब गार पाण्यात सोडतो, बोटांनी त्याची गोळी वळतो, ती काहिलीच्या काठावर टाकून कान देतो आणि म्हणतो, "उतरा." त्या एका शब्दावर आठ माणसं काहील उचलतात, आणि तो शब्द येईपर्यंत गुऱ्हाळाचा मालकसुद्धा तोंड उघडत नाही.

मास्तर शाळेत पदार्थविज्ञान शिकवत. या "उतरा"मागे काय शास्त्र आहे ते बघायचं त्यांनी मनावर घेतलं. सलग तीन हंगाम, दर रविवारी, ते सायकल गाडीत घालून हातकणंगले स्टेशनावर उतरत आणि तिथून चार मैलांवरच्या गणपतरावांच्या गुऱ्हाळावर जाऊन आकाराम मगदूम या गुळव्याशेजारी थर्मामीटर घेऊन बसत. एकशेबारा काहिली त्यांनी पाहिल्या. एकशेअकरा वेळा आकारामनं "उतरा" म्हटलं तेव्हा पारा दोनशे चव्वेचाळीस आणि दोनशे शेहेचाळीस अंश फॅरनहाइटच्या मध्ये होता. फक्त अडतिसाव्या काहिलीला तो दोनशे एकावन्नवर दिसला. मास्तरांना मनातून जरा बरंच वाटलं, कारण सदा बरोबर असणाऱ्या माणसाशेजारी बसून राहणं कठीण असतं. आकाराम एवढंच म्हणाला, "तुमची काडी बगा एकदा." शाळेत आणून काडी उकळत्या पाण्यात धरली, तर आतली पाऱ्याची रेघ मध्येच तुटलेली निघाली. आकाराम बरोबर होता. थर्मामीटर चुकला होता.

हे सगळं मास्तरांनी एक्केचाळीस पानांत लिहिलं, आणि मन लावून लिहिलं. सुरुवात सकाळच्या धुक्यापासून होती. स्टेशनवरच्या चहाला अर्धं पान दिलं होतं, आणि काहिलीवरच्या फेसाचं वर्णन करताना तर लेखणी आवरतच नव्हती. "मी" हा शब्द एकशे नव्वद वेळा आला होता. हा आकडा मास्तरांचा नव्हे. तो मंडळाच्या चिटणिसांनी मोजून, तांबड्या शाईनं पहिल्या पानावर लिहून, निबंधासकट परत पाठवला.

सोबत "लेखकांस सूचना" असं छापील पत्रक होतं, सोळा कलमांचं. निबंधात "मी" येऊ नये. विशेषणे टाळावीत. निसर्गवर्णन करू नये. आधाराशिवाय एकही विधान करू नये. पाने बारापेक्षा अधिक नसावीत. या कलमांप्रमाणे निबंध पुन्हा लिहून आल्यास विचार करता येईल, असं चिटणिसांनी कळवलं होतं. विचार करता येईल हे शब्द मास्तरांनी तीनदा वाचले आणि तिसऱ्या वेळेला त्यांना त्यात होकार दिसू लागला.

"मग तीन वर्षं हातकणंगल्याला गेलं कोण?" विमलाबाईंनी विचारलं. त्यांचं अक्षर मोत्यासारखं, त्यामुळे निबंधाची स्वच्छ प्रत करण्याचं काम त्यांच्याकडे होतं.

"जाण्यात आलं," मास्तर म्हणाले. "शास्त्राला माणूस दिसता कामा नये. घडलेलं तेवढं दिसावं."

"बरं," विमलाबाई म्हणाल्या. त्या दिवशी जेवताना मास्तरांनी पहिला घास घेतला आणि चेहरा वाकडा केला. "आमटीत मीठ टाकण्यात आलेलं नाही," विमलाबाई शांतपणे म्हणाल्या. "कुणाकडून, ते शास्त्राला विचारा."

आता असं मोठं लेखन चाललं आहे म्हटल्यावर शेजारच्या अप्पांनी गप्प बसणं शक्य नव्हतं. अप्पा दरबारच्या दफ्तरात तीस वर्षं काढून निवृत्त झालेले. संस्थान विलीन होऊन पाच वर्षं झाली होती, अप्पा अजून झाले नव्हते. ते रोज सकाळी चष्मा लावून येत आणि लिहिलेल्या पानावर पेन्सिल चालवत. "मास्तर, कागद लिहायची एक रीत असते की. वाचणाऱ्याला शेवटी कळावं, पण लगेच कळू नये. लगेच कळलं तर त्याला वाटतं, हे मलाही लिहिता आलं असतं." असं म्हणून त्यांनी प्रत्येक गुळाला "सदरहू" लावलं. मास्तरांनी एक्केचाळीस पानांची बारा केली होती, ती "सदरहू"मुळे पंधरा झाली.

तिसऱ्या दिवशी अप्पा एका वाक्यावर थबकले. गूळ गोड असतो, असं तिथं लिहिलेलं होतं.

"आधार?" अप्पा म्हणाले.

"गूळ गोड असायला आधार कशाला?"

"सहावं कलम. आधाराशिवाय विधान नको. उद्या पुण्याहून विचारलं, गोड कशावरून, तर काय सांगाल?"

मास्तर शास्त्राचे माणूस. त्यांना हे पटलं, आणि तिथंच चुकलं. त्यांनी समोरच्या बाळाबाईंना गुळाचा खडा दिला, त्यांनी तो गोड असल्याचं सांगितलं, आणि मास्तरांनी तशी टीप पानाखाली लिहिली. नाव छापून येणार हे कळताच बाळाबाई दुपारी सासर-माहेरची दोन्ही नावं चिठ्ठीवर लिहून घेऊन आल्या. संध्याकाळपर्यंत गल्लीत बातमी झाली. दोन दिवसांत सात माणसं गूळ गोड असल्याची साक्ष द्यायला येऊन गेली. त्यांत डॉक्टरांनी ज्यांना गूळ बंद केला होता असे दोघे होते आणि त्यांनी सर्वांत जास्त खाऊन पाहिला. अखेर मास्तरांनी विशेषणे टाळावीत या कलमाचा आधार घेऊन "गोड" हा शब्दच काढून टाकला. बाळाबाई धरून आठ साक्षीदार एकदम निकामी झाले, आणि पुढे महिनाभर बाळाबाईंनी मास्तरांच्या दाराकडे बघून पाणी भरलं नाही.

पण खरी अडचण अकराव्या कलमात होती. जिवंत माणसाकडून माहिती घेतली असेल तर ते पानाच्या तळाशी, रेघेखाली, बारीक अक्षरात लिहायचं. आडनाव आधी, मग नावाचं पहिलं अक्षर. श्री., राव, पंत यांपैकी काही लावायचं नाही. आणि त्या माणसाची सही घेऊन ती निबंधाला जोडायची. मास्तरांनी निमूटपणे चौतीस ठिकाणी पानाच्या तळाशी लिहिलं: मगदूम, आ. विमलाबाईंनी त्याची प्रत केली, आणि रविवारी मास्तर सही आणायला गुऱ्हाळावर गेले.

काहील उतरेपर्यंत ते थांबले. मग आकारामनं हात धुतले, पटका नीट केला, आणि सगळी मंडळी भोवती बसली. आकारामची बायको धोंडुबाई भाकरी घेऊन आली होती, तीही बसली. मास्तरांनी मोठ्यानं दोन पानं वाचली. "सदरहू" आलं की गणपतराव मान डोलवत होते.

"आमचं नाव कुठं हाय, दावा की," आकाराम म्हणाला. तो दुसरीपर्यंत शिकलेला होता.

मास्तरांनी पानाच्या तळाशी बोट ठेवलं.

"ह्ये? रेघंच्या खालचं?"

"हो. तिला तळटीप म्हणतात."

"आन रेघंच्या वर कोन हाय?"

"वर मजकूर आहे."

आकारामनं बोट फिरवत वाचलं. "मगदूम. फुडं नुसता आ. बाचं नाव न्हाय, काय न्हाय."

"शास्त्रात अशीच पद्धत असते. मोठमोठ्या विद्वानांची नावंसुद्धा अशीच लिहितात. त्यांनाही राव लावत नाहीत."

"न्हाय लावू देत," धोंडुबाई म्हणाली. "त्येंच्या बायका काय म्हंत्यात, त्येस्नी इचारलंसा काय?"

मंडळी हसली, पण आकाराम हसला नाही. त्यानं कागद मास्तरांच्या हातात परत दिला. "मास्तर, तीन सालं आमी तुमाला घोंगडं आंथरून वर बसिवलं. तुमी आमाला रेघंखाली बसिवलासा. सही काय मी करनार न्हाय." हे तो हळू आवाजात बोलला. ज्या गावात मीठ मागायचं तरी ओरडून मागतात, तिथं हळू बोललेलं फार लागतं. गणपतरावांनीही पुढचं सांगून टाकलं. गुळव्या रुसला तर त्यांचा हंगाम बुडणार होता, तेव्हा मास्तरांनी आपला कागद घेऊन जावं. दर रविवारी निघताना सायकलला काकवीची बाटली अडकवलेली असायची. त्या दिवशी ती कुणी दिली नाही.

मास्तर गाडीत बसून स्वतःशीच वाद घालत कोल्हापूरला आले. आपण कुणाचा अपमान केला नाही, कलमाप्रमाणे केलं, हे त्यांनी स्वतःला वाटेतल्या रुकडी स्टेशनपर्यंत पटवलं होतं. पण कोल्हापूर स्टेशन येईपर्यंत ते पुन्हा पटेनासं झालं.

वाट दाखवली ती अप्पांनी. "त्यात काय एवढं? सनदेत नाव कुठं असतं? वर असतं. टीप वर घ्या." मास्तरांना एकदम उजाडलं. त्यांनी सगळी पानं पुन्हा आखली. प्रत्येक पानाच्या डोक्यावर, टपोऱ्या अक्षरात, "श्री. आकारामराव बाळा मगदूम यांच्या सांगण्याप्रमाणे" अशी टीप, तिच्याखाली रेघ, आणि रेघेखाली मजकूर. तळटीप कुणी शिरावर घेतलेली ही जगातली पहिलीच वेळ असावी. विमलाबाईंनी तिसऱ्यांदा प्रत केली आणि म्हणाल्या, "लग्नपत्रिकेसारखं दिसतंय. पण बघा."

गुऱ्हाळावर मात्र ही प्रत फार आवडली. आकारामनं एकेक अक्षर खुंटी ठोकल्यासारखं उमटवत सही केली. धोंडुबाईनं पान उन्हात धरून पाहिलं आणि आता बरोबर दिसतंय म्हणून सांगितलं. सायकलला या वेळी दोन बाटल्या लागल्या. मास्तर शीळ घालत स्टेशनवर आले, आणि तोंडानं शीळ घालणाऱ्या विद्यार्थ्यांना आपण वर्गाबाहेर काढतो हे त्यांना आठवलंही नाही.

पंधरा दिवसांनी पुण्याहून पत्र आलं. टीप पानाच्या शिरावर पाहून मंडळास आश्चर्य वाटलं होतं. तळटीप तळाशी असते, म्हणूनच तिला तळटीप म्हणतात, असं चिटणिसांनी समजावून दिलं होतं. मग शेवटचा परिच्छेद होता: "वास्तविक थर्मामीटरचे आकडे स्वयंपूर्ण आहेत. संबंधित कामगाराचा उल्लेख सर्वत्र गाळल्यास आपला निबंध आपल्या नावे छापण्यास मंडळ तयार आहे. दहा दिवसांत कळवावे."

आपल्या नावे. मास्तरांच्या बावीस वर्षांच्या नोकरीत त्यांचं नाव एकदाच छापून आलं होतं, शाळेच्या अहवालात, प्रयोगशाळेत फुटलेल्या काचेच्या नळ्यांच्या यादीखाली. इकडे हेडमास्तरांनी निबंधाची बातमी प्रार्थनेच्या वेळी सगळ्या शाळेला सांगून टाकली होती, निबंध छापून येताच सत्कार ठरला होता, आणि हाराचा रंग कोणता असावा यावर शिक्षकांच्या खोलीत दोन तट पडले होते. अप्पांनी पत्र वाचलं आणि एका क्षणात निकाल दिला. "गाळा नाव. दरबारात तीस वर्षं मी बघितलंय, नावं गाळली की कागद सरळ पुढं जातो."

मास्तरांनी गाळलं. पानापानावर काट मारताना त्यांचा हात थरथरला असं लिहिलं तर ते खोटं होईल. हात चांगला सराईतपणे चालला. उत्तरपत्रिका तपासून तपासून काट मारायची सवय असते माणसाला.

रविवारी सकाळी विमलाबाई चौथी प्रत करायला बसल्या. सहाव्या पानावर त्यांनी टाक थांबवला.

"'एकशेबारा काहिली योग्य वेळी उतरविण्यात आल्या.' कुणी उतरवल्या?"

"उतरवण्यात आल्या," मास्तर वर्तमानपत्राआडून म्हणाले.

"योग्य वेळ झाली हे कुणी सांगितलं?"

मास्तरांनी पान उलटलं.

"आणि ही अडतिसावी. 'थर्मामीटर सदोष असल्याचे आढळून आले.' कुणाला आढळून आलं? तुम्हाला तर वाटलं होतं, आकारामच चुकले. त्या दिवशी घरी येऊन हसत होतात तुम्ही."

वर्तमानपत्र खाली आलं. विमलाबाईंनी दौतीला झाकण लावलं. "यात खोटं एक अक्षर नाही," त्या म्हणाल्या, "तरी हे खरं नाही. तीन वेळा लिहिलं मी, कंटाळा केला नाही. हे नाही लिहिणार."

मास्तरांना राग आला. माणूस पकडला गेला की येतो तसला, पायापासून डोक्यापर्यंत. ते परसात जाऊन उभे राहिले. तीन हंगाम आपण पाऱ्याकडे बघत बसलो, पण पाऱ्याकडे नेमकं कधी बघायचं ते आपल्याला आकारामनं सांगितलं. तो "उतरा" म्हणाला म्हणून त्या आकड्याला अर्थ आला. त्याचा शब्द काढून घेतला तर उरतो तो उकळत्या रसाचा एक ताप, आणि ताप काय, कुणालाही मोजता येतो. हे सगळं त्यांना पेरूच्या झाडाखाली उभं राहून समजलं आणि त्यांना स्वतःची चांगलीच लाज वाटली.

लाज वाटलेल्या माणसाला दुसऱ्याची चूक काढल्याशिवाय बरं वाटत नाही. मास्तरांनी मंडळाचं ते सोळा कलमांचं पत्रक उचललं आणि त्यातल्या चुका काढायला बसले. आजवर त्यांनी ते चौथ्या कलमापासून वाचलं होतं, कारण पहिली तीन कलमं कागदाचा आकार, शीर्षक वगैरे किरकोळ गोष्टींची होती. दुसरं कलम असं होतं: "निबंधाच्या शिरोभागी, मध्यावर, ठळक अक्षरात, ज्यांनी प्रत्यक्ष काम केले त्या सर्वांची संपूर्ण नावे आडनावांच्या वर्णक्रमाने द्यावीत."

मास्तरांनी ते उभ्यानं वाचलं, मग बसून वाचलं. ज्यांनी लिहिलं असं त्यात नव्हतं. ज्यांनी काम केलं असं होतं. वरच्या बाजूला, मध्यावर, ठळक, संपूर्ण नाव. आकारामला हवं ते सगळं मंडळानं स्वतःच छापून ठेवलं होतं आणि मास्तर दोन महिने पानाच्या तळाशी शोधत बसले होते.

राहिला वर्णक्रम. मगदूम आधी, हेर्लेकर मागून. मास्तर माणूसच होते, तेव्हा आडनावाऐवजी नावानं क्रम लावला तर काय होईल हेही त्यांनी एकदा करून पाहिलं. आकाराम, नृसिंह. तिकडूनही हरले. मग ते मोठ्यानं हसले आणि विमलाबाईंना म्हणाले, "दौत उघड. आकारामचं सगळं परत घाल. अप्पांचं सदरहू तेवढं काढ." ती प्रत विमलाबाईंनी एका दुपारात पुरी केली, बरोबर बारा पानांत.

पुढच्या रविवारी गुऱ्हाळावर मास्तरांनी पहिलं पान आकारामपुढे धरलं.

"लेखक?" आकाराम म्हणाला. "म्या काय लिवलंय?"

"तुम्ही केलंय. लिहिलं मी. दोघं मिळून एक निबंध."

"आन तुमचं नाव?"

"तुमच्या मागं."

"खाली?"

"खाली नाही. शेजारी."

आकारामनं धोंडुबाईकडे पाहिलं. तिनं मान हलवली. "शेजारी आसंल तर ऱ्हाऊ द्या," तो म्हणाला.

निबंध गेला. मास्तरांनी सोबत पत्र लिहिलं होतं, की मगदुमांचा उल्लेख गाळता येत नाही, कारण काम त्यांचं आहे, दुसऱ्या कलमाप्रमाणे त्यांचं नाव वरच द्यावं लागतं, आणि मंडळास ते मान्य नसेल तर निबंध परत पाठवावा. हे पत्र टाकून आल्यावर त्यांना दोन दिवस नीट जेवण गेलं नाही. उत्तर मात्र एका ओळीचं आलं: "प्रथम लेखकाची पदवी कळवावी."

यावर गल्लीत पुन्हा सभा भरली. अप्पांनी "गुडपाकविशारद" सुचवलं. बाळाबाई आता बोलू लागल्या होत्या, त्यांनी गॅलरीतून "पहिलवान" सुचवलं, कारण त्यांच्या मते कोल्हापूरच्या माणसाला तेवढं पुरतं. मास्तरांनी कुणाचं ऐकलं नाही. त्यांनी कार्डावर एकच शब्द लिहिला, "गुळव्या," आणि ते स्वतः पोस्टात टाकलं.

तीन महिन्यांनी मंडळाचं वार्षिक आलं. मास्तरांनी दोरा सोडला, वेष्टण काढलं. अनुक्रमणिका मुखपृष्ठावरच होती. मंडळाला जागा कमी पडत असावी, कारण तिथं प्रत्येक निबंधापुढे एकाच लेखकाचं नाव होतं. मास्तरांनी वरून खाली पाहिलं, खालून वर पाहिलं. हेर्लेकर नव्हते. पाचव्या ओळीत छापलं होतं: "गुळाच्या पाकाची अवस्था: मगदूम आणि अन्य."

मास्तरांनी वार्षिक टेबलावर ठेवलं. बावीस वर्षं, तीन हंगाम, चार प्रती, आणि शेवटी अन्य. विमलाबाईंनी चहा आणून ठेवला, वार्षिक हातात घेतलं, ती ओळ वाचली.

"हे अन्य कोण?"

"मी," मास्तर म्हणाले. आणि मोठ्यानं म्हटल्यावर त्यांच्या लक्षात आलं, की ते ऐकायला वाटलं होतं तितकं वाईट नाही.

मग विमलाबाईंनी आतलं पान उघडलं. मध्यावर, ठळक अक्षरात, आकाराम बाळा मगदूम, गुळव्या. शेजारी नृसिंह गोविंद हेर्लेकर, बी. एस्सी., बी. टी. पुढच्या-मागच्या निबंधांवर एम. एस्सी.वाले आणि डॉक्टर होते. त्या सगळ्यांत गुळव्या एकच होता. मास्तरांना आनंद झाला, आणि तो नुसता स्वतःपुरता नव्हता, म्हणून जरा जास्तच झाला.

सत्काराला आकाराम एकटा येणार नव्हताच. गणपतराव, धोंडुबाई आणि आणखी नऊ माणसं सकाळच्या गाडीनं आली, बरोबर एक ढेप. हेडमास्तरांनी व्यासपीठावर सत्कारमूर्तीसाठी एकच खुर्ची मांडली होती. मास्तरांनी आकारामला हाताला धरून तीत बसवलं आणि स्वतः बाजूला उभे राहिले. हेडमास्तरांनी वार्षिक उचललं, शाळेचं नाव पुण्यापर्यंत गेलं असं सांगून अनुक्रमणिका वाचायला घेतली, पाचव्या ओळीवर आले आणि अडकले. हार हातात तसाच. "हेर्लेकर, तुमचं नाव कुठं आहे?" त्यांनी हळूच विचारलं. माईक चालू होता, त्यामुळे ते सगळ्या शाळेनं ऐकलं. मागच्या बाकांवर खसखस पिकली, आणि मास्तरांची मान जराशी खाली गेली.

तेव्हा आकाराम खुर्चीतून उठला. त्याला माईकची गरज नव्हती.

"मला भाषान येत न्हाय," तो म्हणाला. "माझ्या बानं मला शिकिवलं, त्येला त्येच्या बानं. गोळी वाजली की उतरा म्हनायचं. त्ये खरं हाय का खोटं, कुनी लिवून ठिवलं न्हवतं. ह्येनी तीन सालं धुरात बसून लिवलं. डोळं लाल व्हायचं, पर काडी सोडली न्हाय. पुस्तकात माझं नाव फुडं हाय. बरूबर हाय, गूळ मी उतरीवलाय. पन त्ये फुडं लिवलं कुनी? आपलं मागं घिऊन दुसऱ्याचं नाव फुडं लिवनारा शिकल्याला मानूस मी ह्यो एकच बगितला." त्यानं मास्तरांच्या खांद्यावर हात ठेवला. "त्येला पुस्तकात अन्य म्हंत्यात."

टाळ्या थांबेनात. हेडमास्तरांनी हार कुणाला घालायचा ते ठरेना, तेव्हा धोंडुबाईनं तो त्यांच्या हातातून घेतला, दोघांना जवळ उभं केलं आणि एकच हार दोघांच्या गळ्यात घातला. अप्पा पहिल्या रांगेत बसले होते. दरबारात अशी रीत नव्हती असं ते शेजाऱ्याला म्हणाले, पण डोळे पुसत म्हणाले.

ते वार्षिक मास्तरांच्या बाहेरच्या खोलीत टेबलावर कायम असे. आलेल्या पाहुण्याला मास्तर ते दाखवत. पाहुणा अनुक्रमणिका वरून खाली बघे, खालून वर बघे, आणि संकोचून विचारी, "यात आपलं नाव कुठं दिसत नाही." मास्तर त्याच प्रश्नाची वाट बघत असत. ते पाचव्या ओळीच्या शेवटी बोट ठेवत, "हा मी," म्हणत, आणि पाहुण्यानं "आणि अन्य" हे दोन शब्द मोठ्यानं वाचेपर्यंत बोट उचलत नसत.